प्रोग्रॅम नक्की कुठे असतो? : पीटर नाउर यांचा एक विचार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांतले दोन निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता या वयात सॉफ्टवेअरच्या वाटेला कशाला जाताय?" प्रश्न रास्त आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, हे आधीच कबूल करतो. पण आज ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे, ते प्रोग्रॅमर असून तत्त्वज्ञानाच्या दारात आले. तेव्हा आपण निदान उंबरठ्यापर्यंत जाऊन त्यांचं स्वागत करायला हरकत नाही.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी बीएला तत्त्वज्ञान घेऊन पुढे कम्प्युटरकडे वळली. पुण्यात नोकरी करते. परदेशातल्या एका विमा कंपनीचा जुना प्रोग्रॅम तिच्या गटाकडे सांभाळायला आहे. मध्यंतरी घरी आली होती. म्हणाली, "सर, त्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे. तारखेतून एक दिवस वजा करते. शेजारी कुणीतरी लिहून ठेवलंय, 'हात लावू नये'. का, ते लिहिलेलं नाही. आम्ही सहा वर्षं त्या ओळीला हात लावलेला नाही."

मी म्हटलं, "मग कागदपत्रं असतील ना?"

"आहेत की. चारशे पानं. ती ओळ एक दिवस वजा करते, असं त्यात व्यवस्थित लिहिलंय."

मंडळी, या उत्तरात आजचं सगळं व्याख्यान आहे. ती ओळ *काय* करते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती *का* आहे, हे कुणालाच माहीत नाही. मग त्या कंपनीकडे तो प्रोग्रॅम आहे, असं म्हणायचं की नाही? कोड आहे, तो चालतो आहे, पैसे वाटतो आहे. तरी काहीतरी हरवलेलं आहे. जे हरवलं त्याला नाव काय द्यायचं?

त्याला नाव देण्याचं काम पीटर नाउर यांनी केलं. नाउर डेन्मार्कचे. जन्म १९२८चा, मृत्यू २०१६ साली. मूळचे खगोलशास्त्रज्ञ. ग्रहगोलांची गणितं करता करता ते सुरुवातीच्या संगणकांकडे आले आणि तिथेच रमले. 'अल्गोल ६०' नावाच्या भाषेचा जो अहवाल १९६० साली निघाला, त्याचे संपादक नाउर. प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं व्याकरण किती नेमकं आणि थोडक्यात मांडता येतं, याचा तो अहवाल नमुना मानला जातो. त्या कामासाठी त्यांना २००५चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पुढे कोपनहेगन विद्यापीठात ते प्राध्यापक होते. 'संगणकशास्त्र' हे नाव त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी 'डेटालॉजी' असा शब्द सुचवला आणि डेन्मार्कमध्ये तो रूढही झाला. दुर्बीण महत्त्वाची खरी, पण तिच्यावरून खगोलशास्त्राला आपण 'दुर्बीणशास्त्र' म्हणत नाही. तसंच इथेही, शास्त्र यंत्राचं नाही, माहिती आणि तिच्या वापराचं आहे.

म्हणजे हा माणूस नेमकेपणाचा भोक्ता. लिखित व्याख्या, लिखित नियम यांचं मोल त्याच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल. आणि याच माणसाने १९८५ साली 'प्रोग्रॅमिंग ॲज थिअरी बिल्डिंग' नावाचा निबंध लिहून सांगितलं की प्रोग्रॅमचा गाभा लिहिण्यात नसतोच. तो लिहिणाऱ्यांच्या समजेत असतो. लिहिलेला मजकूर हे त्या समजेचं एक फळ. फळ हातात आलं म्हणजे झाड आलं असं नाही.

हे नाउर हवेत बोलत नाहीत. दोन अनुभव सांगतात. पहिला असा. एका गटाने एक कम्पायलर तयार केला. कम्पायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. फार सुबक काम होतं. दुसऱ्या गटाला तोच घेऊन त्यात थोडी भर घालायची होती. त्यांना सगळं दिलं. कोड दिला, टिपणं दिली, रचनेमागची चर्चासुद्धा लिहून दिली. शिवाय पहिल्या गटाचा सल्ला होताच. दुसऱ्या गटातली माणसं हुशार आणि कामाची आवड असलेली. तरी त्यांनी सुचवलेल्या बदलांपैकी काही महत्त्वाचे बदल असे निघाले की मूळ रचनेत जी सोय आधीच होती, जिचं वर्णन कागदपत्रांत सविस्तर होतं, ती त्यांना दिसलीच नाही. त्यांनी वरून ठिगळं लावायचं ठरवलं. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळलं आणि त्यांनी मूळ रचनेत बसणारे साधे उपाय सुचवले. पुढे पहिल्या गटाचा संबंध सुटला. दहाएक वर्षांनी त्यांच्यापैकी एकाला त्या कम्पायलरविषयी माहिती मिळाली. जुनी रचना अजून ओळखू येत होती, पण तिच्यावर इतकी भर पडली होती की तिचा उपयोग उरला नव्हता.

पेठेतल्या जुन्या वाड्याचं असंच होतं. मूळ बांधणाऱ्याने वारा कुठून येणार, पाणी कुठून जाणार याचा विचार केलेला असतो. मग एकजण चौकात मोरी काढतो, दुसरा सज्जा बंद करून खोली करतो. प्रत्येक बदल त्या त्या वेळी सोयीचाच असतो. वीस वर्षांनी घरात दिवसा दिवा लावावा लागतो.

दुसरा अनुभव एका मोठ्या औद्योगिक यंत्रणेचा. सुमारे दोन लाख ओळींचा प्रोग्रॅम. जे प्रोग्रॅमर सुरुवातीपासून त्यात होते, ते बिघाड आला की बहुतेक वेळा आपल्या माहितीवर आणि कोडवर भागवत. आणखी कुठलं लिखाण आपल्याला उपयोगी पडेल, हे त्यांना सुचतच नव्हतं. आणि ज्यांना कागदपत्रं पूर्ण दिली, प्रशिक्षणही दिलं, ते मात्र पुन्हा पुन्हा अडत. अडचण घेऊन जुन्या मंडळींकडे गेले की ती सहज सुटे.

आता यातून निष्कर्ष काय काढायचा? सामान्य व्यवस्थापक म्हणेल, कागदपत्रं कमी पडली, आणखी चारशे पानं लिहा. नाउर म्हणतात, नाही. पानं वाढवून हे भरून येणारच नाही. आणि इथे ते आमच्या घरात शिरतात, गिल्बर्ट राइल यांच्याकडे जातात.

राइल ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. त्यांचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' १९४९ साली आलं. आमच्या पिढीने ते एमएला अभ्यासलं. त्यातला एक भेद प्रसिद्ध आहे. एखादी गोष्ट अमुक आहे असं माहीत असणं वेगळं, आणि एखादी गोष्ट करता येणं वेगळं. पोहण्याविषयी माहीत असणं आणि पोहता येणं. इथवर आपल्या आजीलाही ठाऊक होतं. राइल यांचं म्हणणं त्यापुढचं आहे. आपल्याला वाटतं, शहाणपणाने काम करणारा माणूस आधी मनात नियम आठवतो आणि मग तो लागू करतो. राइल विचारतात, नियम कुठे, कधी, कसा लागू करायचा हे त्याला कशावरून कळतं? दुसऱ्या नियमावरून? मग तो दुसरा कसा लागू करायचा? तिसऱ्यावरून? याला आपल्याकडे अनवस्था म्हणतात. साखळीला शेवटच नाही. म्हणजे कुठेतरी नियमाविना जाणण्याची जागा मानावीच लागते. ती जागा म्हणजे कौशल्य.

नाउर हा विचार उचलतात आणि म्हणतात, प्रोग्रॅमरकडे जे असतं ती 'थिअरी'. आपल्याकडे थिअरी म्हटलं की प्रॅक्टिकलच्या उलट, परीक्षेपुरतं पाठ केलेलं, असा अर्थ होतो. इथे तो घेऊ नका. मला 'उपपत्ती' हा जुना शब्द जवळचा वाटतो. आपले गणिती नुसतं सूत्र देऊन थांबत नसत. ते सूत्र असंच का, याच्या विवेचनाला ते उपपत्ती म्हणत. प्रोग्रॅमरकडे प्रोग्रॅमची उपपत्ती असते. ती आहे की नाही हे कशावरून ओळखायचं? नाउर तीन खुणा सांगतात.

एक, बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट प्रोग्रॅममध्ये कुठे आणि कशी उतरली आहे, हे तो सांगू शकतो. आणि जगातलं काय मुद्दाम बाहेर ठेवलं आहे, हेही.

दोन, प्रत्येक भाग तसाच का आहे, याचं समर्थन तो करू शकतो.

तीन, उद्या नवी मागणी आली तर ती आजच्या रचनेत कशी बसवायची हे त्याला सुचतं. कारण नवी गरज आणि जुनी सोय यांच्यातलं साम्य त्याला दिसतं.

यातली तिसरी खूण महत्त्वाची आहे. ती समजावून घ्यायला गाण्याकडे वळू. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, ग्रंथरूपाने छापल्या. त्यांचे उपकार केवढे! नाहीतर कितीतरी बंदिशी उस्तादांबरोबर गेल्या असत्या. पण नुसती स्वरलिपी वाचून रागाची बढत करता येते का? स्वरलिपी तुम्हाला बंदिश देते. पुढची, अजून न गायलेली जागा देत नाही. ती तालमीतून येते. समोर बसलेला गुरू म्हणतो, "असं नको, हे रागात बसत नाही." का बसत नाही, ते दर वेळी सांगताही येत नाही. दहा वेळा ऐकल्यावर शिष्यालाच कळायला लागतं. प्रोग्रॅममध्ये बदल करणं ही अशी बढत आहे. लिहिलेल्याच्या पुढे जायचं, पण त्याच्या बाहेर जायचं नाही.

यातून नाउर एक कठोर गोष्ट सांगतात. ज्या गटाकडे ही उपपत्ती आहे तो गट विखुरला की प्रोग्रॅम मरतो. यंत्रावर तो वर्षानुवर्षं चालत राहील, उत्तरंही बरोबर देईल. पण त्यात बुद्धीने बदल करणारं कुणी उरलं नाही, म्हणजे तो मेलाच. आणि नुसत्या कागदपत्रांवरून त्याचं पुनरुज्जीवन करणं त्यांच्या मते अशक्य आहे. मेलेला प्रोग्रॅम जिवंत करण्यापेक्षा नव्या गटाने तेच काम नव्याने सोडवावं, ते कदाचित स्वस्तही पडेल, इथवर ते जातात.

बदल स्वस्त असतो, हा समजच ते खोडून काढतात. कोड म्हणजे अक्षरं, ती खोडून दुसरी लिहिणं सोपं, म्हणून बदल सोपा असं आपण धरून चालतो. पण पुलाचा आराखडाही कागदावरच असतो. आराखड्यातली रेघ पुसायला रबर पुरतं. म्हणून पूल बदलणं सोपं झालं का?

हे सगळं डेन्मार्कातलं तत्त्वचिंतन झालं. त्याच्याशी आपलं नातं काय? मंडळी, फार जवळचं आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाय-टू-केचं काम आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये, बरेचसे कोबोल भाषेतले, वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. २००० साल उजाडलं की यंत्राला ते १९०० वाटेल अशी भीती होती. परदेशी कंपन्यांचे ते लाखो ओळींचे प्रोग्रॅम तपासण्याचं काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. आपली मुलं कुणाच्या तरी, कधी न भेटलेल्या माणसांच्या डोक्यातली उपपत्ती नुसत्या मजकुरावरून शोधत बसली. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीला त्या कामाने मोठा हातभार लावला. म्हणजे नाउर ज्याला अशक्य म्हणतात, ते करून दाखवण्यावर आपली एक पिढी उभी राहिली.

आजही हिंजवडीत कुठल्याही मुलाला विचारा, 'केटी' म्हणजे काय. नॉलेज ट्रान्सफर. जुना माणूस जाणार, नवा येणार, मधल्या दोन-चार आठवड्यांत ज्ञान इकडून तिकडे ओतायचं. शब्द बघा! जणू टाकीतून बादलीत पाणी. आणि माणसाला म्हणतात 'रिसोर्स'. एक रिसोर्स काढला, दुसरा लावला. नाउर यांचा सगळा निबंध या शब्दाच्या विरोधात आहे. उपपत्ती माणसात राहत असेल, तर माणूस सुट्या भागासारखा बदलता येत नाही. त्याला काढताना तुम्ही पगार वाचवत नाही, प्रोग्रॅमचा तुकडा फेकून देत असता. फक्त तो ताळेबंदात दिसत नाही. दिसतो केव्हा? एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, जुन्या यंत्रणांवर ताण पडला, तेव्हा गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या लोकांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं. माणसं घरी बसली होती, भत्त्याची वाट बघत. आणि यंत्रणा समजणारी माणसं शोधावी लागत होती.

इंटरनेटच्या जगात ही गोष्ट आणखी नाजूक झाली आहे. तिथलं पुष्कळ सॉफ्टवेअर खुलं असतं. कुणीही वाचावं, कुणीही वापरावं. यात औदार्य आहे, मी त्याचा आदर करतो. पण कोड खुला असला म्हणून उपपत्ती खुली होते का? 'एक्सझेड' नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे. असंख्य यंत्रांवर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. थकला होता. एका अनोळखी नावाने मदतीचा हात पुढे केला, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि २०२४च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. कोड सगळ्यांसमोर होता, तरी तो कुणाला दिसला नाही.

पकडला कसा गेला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला दुसऱ्याच कामात असताना जाणवलं की आपल्या यंत्रावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोटही त्याहून सावकाश घेतो. पण त्याला ते खटकलं. तो मागे लागला आणि मार्चअखेर सगळं उघड झालं. अर्धा सेकंद उशीर झाल्यास संशय घ्यावा, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लागलेला तंबोरा किंचित उतरला की जाणकाराला कळतं, तसं ते होतं. राइल ज्याला करता येणं म्हणतात, ते हेच.

आता नाउर यांच्याशी माझा थोडा मतभेद. 'अशक्य' हा शब्द मला जास्त वाटतो. आपल्या वाय-टू-केवाल्यांनी निदान गरजेपुरती उपपत्ती पुन्हा उभी केलीच. संस्कृत ग्रंथांच्या बाबतीत आपण वेगळं काय करतो? परंपरा तुटलेली असताना भाष्यं, टीका, पाठभेद ताडून अर्थ लावतोच. तो मूळ अर्थच आहे याची हमी नसते, पण अंधारही नसतो. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. भाष्यकार सूत्राचा अर्थ सांगून थांबत नाही. पूर्वपक्ष मांडतो. असं का नाही, तसं का नाही, हे भांडून दाखवतो. जे लिखाण नाकारलेले पर्यायही नोंदवतं, त्यातून उपपत्ती बरीचशी वाचते. माझ्या विद्यार्थिनीच्या चारशे पानांत सिद्धान्त सगळे होते, पूर्वपक्ष एकही नव्हता.

तिची गोष्ट पुरी करतो. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी एक निवृत्त गृहस्थ तिने खटपट करून शोधले. फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं. ते हसले म्हणे. पूर्वी रात्रीचं काम मध्यरात्रीनंतर संपायचं, म्हणून फायलीवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडायची. ती दुरुस्त करायला एक दिवस वजा केला होता. ते रात्रीचं काम कधीच बंद झालं. ओळ राहिली. आणि मधल्या काळात तिच्यावर विसंबून आणखी तीन हिशेब उभे राहिले. त्यामुळे आता ती खरोखरच काढता येत नाही. पण का काढता येत नाही, हे आता माहीत आहे. तिने ते लिहून ठेवलं. मी विचारलं, "कंपनी काय म्हणाली?" म्हणाली, "सर, तो वेळ कुठल्या खात्यात टाकायचा, हे त्यांना कळेना."

इथे थांबतो.

प्रश्न : सर, आता एआय कोड लिहून देतं. ते तुमची ही उपपत्तीही लिहून देईल. मग अडचण काय?

उत्तर : यंत्राला समज असते का, हा वाद मी आज टाळतो. त्याला वेगळी संध्याकाळ लागेल. माझा प्रश्न माणसांविषयी आहे. यंत्राने कोड दिला, चालला, आपण स्वीकारला. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाने विचारलं, हे असं का? तेव्हा उत्तराला कोण उभं राहणार? नाउर यांच्या तीन खुणा घ्या आणि गटातल्या प्रत्येकाला लावून बघा. कुणीच उतरत नसेल, तर तो प्रोग्रॅम जन्मालाच मृत आला असं म्हणावं लागेल. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. स्पष्टीकरण वाचून मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, एवढंच म्हणतो. हे मी पस्तीस वर्षं वर्गात पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी टीम लीड आहे. उद्या सोमवारी ऑफिसात गेल्यावर नेमकं काय करू?

उत्तर : मी व्यवस्थापनाचा माणूस नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. नव्या माणसाला कागद देऊन एकटं बसवू नका. जुन्याच्या शेजारी बसवून खरोखरचा एखादा बदल दोघांना मिळून करू द्या. नव्याला चुकू द्या आणि जुन्याला "हे असं नको" म्हणू द्या. लिहिताना जे केलं नाही, ते का केलं नाही, हेही दोन ओळींत लिहा. आणि कुठे 'हात लावू नये' असं लिहिलेलं सापडलं, तर ते लिहिणारा माणूस अजून फोन उचलतोय तोवर त्याला फोन करा.